शेपूट जिरण्याची वेळ

ठाण्यात उपवन तलावाच्या कडेने येऊरकडे चढणाऱ्या रस्त्यालगत एक उथळ खड्डा आहे. एरवी तेथे कोणी थांबावे असे काही नाही; पण जूनमध्ये दोन-तीन मोठे पाऊस झाले की तो भरतो आणि आठवड्याभरात त्याच्या तळाशी, मोहरीच्या दाण्याला शेपूट फुटावी तसे शेकडो काळे जीव वळवळू लागतात. ही भेकाची पिल्ले. भेक म्हणजे खरखरीत कातडीचा, पावसाळ्यात आपल्या जिन्याखाली आणि कुंड्यांच्या मागे येऊन बसणारा तो साधा बेडूक. इंग्रजीत या पिल्लांना टॅडपोल म्हणतात आणि मराठी विज्ञानलेखनात भैकेर असा शब्द आहे. सकाळी माझ्याबरोबर फिरायला येणारी आमच्या इमारतीतील मुले मात्र त्यांना सरळ ‘मासे’ म्हणतात आणि मीही त्यांना टोकत नाही, कारण त्या वयात तो जीव खरोखरच माशासारखा जगत असतो. तो कल्ल्यांनी श्वास घेतो, शेपटीने पोहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो.

प्राणिशास्त्र शिकवण्यातून निवृत्त झाल्यापासून मी दर पावसाळ्यात या खड्ड्याची वही ठेवते. पाणी किती बोटे आहे, पिल्लांना मागचे पाय दिसू लागले का, पुढचे कधी आले, शेवटचे पिल्लू पाण्याबाहेर कधी पडले, एवढेच मी त्यात लिहिते. गेल्या काही वर्षांत आणखी एक नोंद तिच्यात येऊ लागली आहे. वरच्या बाजूच्या वस्तीतील धुण्याभांड्यांचे पाणी एका उघड्या गटारातून त्याच खड्ड्याच्या तोंडाशी येते आणि सकाळच्या वेळी पाण्यावर साबणाचा पांढरा फेस तरंगत असतो. तो फेस पाहून आमच्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलाने मला विचारले, “आजी, पाणी एवढे घाण आहे तर हे मरत का नाहीत?” मी त्याला त्या वेळी काहीतरी थोडक्यात सांगितले, पण घरी आल्यावर ते उत्तर मला अपुरे वाटले. प्रदूषण म्हणजे विष आणि विष म्हणजे मरण, अशी जी समजूत त्याच्या प्रश्नात होती, तीच आपल्या बहुतेक मोठ्या माणसांच्या आणि बऱ्याचशा नियमांच्याही मुळाशी आहे. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आम्ही बीएस्सीला असताना प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एक प्रयोग असे. तीन काचेच्या बरण्या घ्यायच्या, मैदानातल्या डबक्यातून आणलेली सारख्या वयाची पिल्ले त्यांत वाटून ठेवायची, एका बरणीत साधे पाणी, दुसरीत थायरॉक्सिन या संप्रेरकाचा, म्हणजे हार्मोनचा, अगदी सौम्य द्राव आणि तिसरीत थायोयुरिया या रसायनाचा द्राव घालायचा, आणि रोज त्याच वेळी पाहून नोंद करायची. दुसऱ्या बरणीतील पिल्लांचे मागचे पाय काही दिवसांतच झपाट्याने वाढू लागले, डोक्याचा आकार बदलला आणि शेपूट आखूड होऊ लागले. साध्या पाण्यातील त्यांची भावंडे तेव्हा अजून निवांत शेवाळ खात होती. तिसऱ्या बरणीतील पिल्ले नुसती मोठी होत राहिली. ती गुबगुबीत झाली, पण त्यांच्या पायांची चिन्हे पुढे सरकेनात आणि शेपटी होती तशीच राहिली. आमच्या बाई त्या बरणीकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, “यांना काहीही झालेले नाही असे वाटते ना? यांचे घड्याळ बंद पडले आहे.” हे वाक्य मी पुढे माझ्या प्रत्येक वर्गात सांगितले.

या प्रयोगाला मोठी परंपरा आहे. १९१२ साली गुडर्नाच या शास्त्रज्ञाने बेडकाच्या पिल्लांना वेगवेगळ्या प्राण्यांच्या निरनिराळ्या अवयवांचे तुकडे खायला घालून पाहिले. यकृत, स्नायू किंवा इतर ग्रंथी खाणाऱ्या पिल्लांचे विशेष काही बिघडले नाही. पण ज्यांना घोड्याची अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, खायला मिळाली ती वाढ पूर्ण होण्याआधीच अगदी चिमुकले बेडूक होऊन बसली. त्यानंतर चार वर्षांनी बेनेट ॲलन यांनी उलट बाजूने तीच गोष्ट दाखवली. पिल्लांच्या अवटू ग्रंथीचा अंकुरच काढून टाकला, तर ती पिल्ले प्रचंड मोठी होतात, पण बेडूक कधीच होत नाहीत. या दोहोंच्या दरम्यान, १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी, एडवर्ड केंडल यांनी या ग्रंथीतील द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले आणि त्याला पुढे थायरॉक्सिन हे नाव मिळाले.

एका रेणूने एवढे सारे कसे होते, हे मला आजही विस्मयकारक वाटते. थायरॉक्सिनच्या रेणूवर आयोडीनचे चार अणू असतात; शरीरातील विकरे, म्हणजे एन्झाइम, त्यांपैकी एक काढून टाकतात तेव्हा तीन आयोडीनचा, अधिक प्रभावी असा टी-३ तयार होतो. हा टी-३ पेशीच्या केंद्रकातील ग्राहकाला, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टरला), चिकटतो आणि कोणती जनुके चालू व्हायची, कोणती बंद व्हायची हे ठरवतो. पायाच्या पेशींना त्याचा निरोप पोहोचला की त्या वाढतात आणि विभागतात. शेपटीच्या पेशींना तोच निरोप पोहोचला की त्या स्वतःला संपवतात. शेवाळ पचवणारे वेटोळ्यांचे लांबलचक आतडे आखूड होऊन किडे पचवण्याजोगे बनते, कल्ले नाहीसे होतात, जबडा रुंदावतो, त्वचा बदलते. शेपूट गळून पडते असे आपण सहज म्हणतो, पण ते चूक आहे. ते जिरते, आणि त्यातील द्रव्य त्या न खाणाऱ्या, तोंड बदलत असलेल्या पिल्लाला त्या दिवसांत पोसते. या सगळ्याचा क्रम बिनचूक असावा लागतो. कल्ले आधी गेले आणि फुप्फुसे तयार नसली, किंवा शेपूट आधी जिरले आणि पाय अजून दुबळे असले, तर ते पिल्लू पाण्यात तरत नाही आणि जमिनीवरही तगत नाही.

बेडकाचा थायरॉक्सिन आणि माणसाचा थायरॉक्सिन हा एकच रेणू आहे, त्यात एका अणूचाही फरक नाही. मी स्वतः गेली अकरा वर्षे सकाळी उपाशीपोटी त्याची गोळी घेते. माझ्या गोळीत त्याचे प्रमाण ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग आहे, आणि तेवढ्यावर माझी दिवसभराची ऊब, हृदयाची गती आणि मनाचा उत्साह अवलंबून असतो. आपल्या घराघरांत, विशेषतः बायकांमध्ये, ही गोळी इतकी सामान्य झाली आहे की अमुक इतक्या सूक्ष्म मात्रेने काय होणार, असा प्रश्न निदान ती घेणाऱ्यांना तरी पडू नये.

त्या फेसाकडे आता वळते. पाण्यात येणारी सगळीच रसायने संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. पण जी करतात त्यांचे मार्ग वेगवेगळे आहेत. काही रसायने ग्रंथीला कच्चा माल मिळू देत नाहीत. परक्लोरेट हा आयन आकाराने आणि विद्युतभाराने आयोडाइडशी इतका मिळताजुळता असतो की आयोडाइड आत घेणारे अवटू ग्रंथीचे दार तो अडवून धरतो. आफ्रिकेतील झेनोपस या बेडकाच्या पिल्लांवर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, प्रदूषित पाण्यात प्रत्यक्ष आढळणाऱ्या प्रमाणातील अमोनियम परक्लोरेटमुळे पुढचे पाय बाहेर येणे आणि शेपूट जिरणे हे दोन्ही रोखले गेले. आमच्या तिसऱ्या बरणीतील थायोयुरिया याच साखळीची पुढची कडी तोडत असे. तो आयोडीनला थायरॉक्सिनमध्ये बसू देत नसे.

परक्लोरेट अग्निबाणांच्या इंधनात असते आणि फटाक्यांतही असते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका नगरपालिकेच्या तलावावर स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी होत असे. तेथील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आतषबाजीनंतर १४ तासांत पाण्यातील परक्लोरेट आधीच्या पातळीच्या २४ ते १,०२८ पट चढल्याचे आढळले आणि ते पुन्हा मूळ पातळीवर यायला २० ते ८० दिवस लागले. आमच्या तलावपाळीवर दिवाळी पहाटेला जमणारी गर्दी आणि त्या रात्रीचे फटाके पाहिले की मला हे आकडे आठवतात. मात्र येथे पंचांगाने बेडकांना हात दिला आहे. आपल्याकडील बहुतेक जातींची वीण जून ते ऑगस्टमध्ये उरकते, दिवाळीपर्यंत पिल्ले जमिनीवर गेलेली असतात. ज्या देशांत आतषबाजी आणि वीण एकाच ऋतूत येतात, तेथील हिशेब वेगळा आहे. पाण्यावरून टणाटण उड्या मारत जाणारा आपला स्किपर बेडूक मात्र पाणी टिकेल तेथे पावसाळ्यानंतरही वीण करतो, त्यामुळे त्याला ही सूट पूर्ण मिळत नाही.

काही रसायने ग्रंथीपर्यंत न जाता पेशीच्या आतच गडबड करतात. प्लास्टिक आणि इपॉक्सी लेपांच्या उत्पादनात वापरले जाणारे बिस्फेनॉल-ए टी-३च्या ग्राहकाच्या कामात अडथळा आणते आणि झेनोपसच्या पिल्लांचे रूपांतरण मंदावते, असे जपान आणि अमेरिकेतील प्रयोगशाळांनी दाखवले आहे. जंतुनाशक साबणांत वर्षानुवर्षे घातले गेलेले ट्रायक्लोसान हे आणखी एक उदाहरण. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठातील गटाने २००६ साली बुलफ्रॉगच्या पिल्लांना चार दिवस लिटरला ०.१५ मायक्रोग्रॅम इतक्या ट्रायक्लोसानमध्ये ठेवले आणि मग टी-३ दिला. त्या पिल्लांचे वजन, पायांची वाढ आणि संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांची हालचाल ट्रायक्लोसान न दिलेल्या पिल्लांपेक्षा वेगळी निघाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ द्रव्ये हात-अंग धुण्याच्या जंतुनाशक साबणांतून काढायला लावली. त्यामागचे मुख्य कारण, साध्या साबणापेक्षा त्यांचा जास्त उपयोग होतो हे उत्पादकांना सिद्ध करता आले नाही, हे होते. बेडूक त्या निर्णयाच्या केंद्रस्थानी नव्हता, तरी लाभ त्याचाही झाला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. ही पिल्ले मरत नाहीत, कारण या रसायनांचे काम मारण्याचे नाही. ती वेळ बदलतात. आणि आमच्या खड्ड्यात वेळ हीच सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे. भेकाचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यापासून बेडूक होईपर्यंत सुमारे महिनाभर घेते. जुलैत पावसाने आठ-दहा दिवस उघडीप दिली की खड्डा तळाला जातो. म्हणजे ज्या पिल्लाचे घड्याळ एका आठवड्याने मागे पडले, ते कोणत्याही विषाशिवाय, केवळ उन्हाने मरणार. तलावातील पिल्लाला उशीर परवडतो, डबक्यातील पिल्लाला परवडत नाही, आणि आपल्याकडील बेडकांची फार मोठी संख्या डबक्यांतच जन्मते, कारण तलावात त्यांना खाणारे मासे असतात.

निसर्गाने या संकटावर एक तोडगा काढून ठेवला आहे आणि तो समजून घेतला की नुकसानीचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. रॉबर्ट डेन्व्हर यांनी अमेरिकेच्या पश्चिमेकडील स्पेडफूट या डबक्यांत वाढणाऱ्या बेडकावर केलेल्या कामातून दिसले की पाणी आटू लागल्याचे पिल्लाला कळते, त्याच्या मेंदूतून तणावाचे संप्रेरक स्रवते, त्यापाठोपाठ कॉर्टिकोस्टेरॉन आणि थायरॉइडची संप्रेरके वाढतात आणि पिल्लू घाईने, आकाराने लहान असतानाच, बेडूक होऊन बाहेर पडते. लहान बेडूक होणे हा तोटाच असतो, पण तो मरणापेक्षा परवडतो. आता ज्या पाण्यात आयोडाइडचे दार अडवले गेले आहे किंवा ग्राहकावर परके रेणू बसले आहेत, तेथे हे घाई करण्याचे सामर्थ्यच काढून घेतले जाते. पाणी आटते आहे हे पिल्लाला कळते, मेंदू निरोपही पाठवतो, पण शरीर हलत नाही.

प्रकरण केवळ थायरॉइडपुरते नाही. नर-मादी ठरण्याचा काळही बेडकांत याच पिल्लाच्या अवस्थेत येतो आणि अनेक जातींत तो बाहेरच्या संप्रेरकांना फार हळवा असतो. गुणसूत्रे नराची असली तरी योग्य दिवसांत पाण्यात इस्ट्रोजेन हे मादीचे संप्रेरक मिसळले, तर त्या पिल्लाच्या शरीरात अंडाशय तयार होऊ शकतो. जर्मनीतील क्लोआस यांच्या गटाने १९९९ साली दाखवले की बिस्फेनॉल-ए आणि नॉनिलफिनॉल ही द्रव्येसुद्धा झेनोपसच्या पिल्लांत माद्यांचे प्रमाण वाढवतात. नॉनिलफिनॉल हे औद्योगिक धुलाईत, विशेषतः कापड धुण्या-रंगवण्याच्या कामात वापरल्या जाणाऱ्या डिटर्जंटच्या विघटनातून तयार होते. ज्या जिल्ह्यात भिवंडीचे माग आणि उल्हास-वालधुनीच्या काठचे रंगकाम आहे, तेथे हे नाव परके राहू नये.

या विषयातील सर्वांत गाजलेले आणि सर्वांत वादग्रस्त काम अ‍ॅट्राझिन या तणनाशकाचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील टायरोन हेज यांनी २००२ साली जाहीर केले की ०.१ पीपीबी (पीपीबी म्हणजे अब्ज भागांत एक भाग) इतक्या अ‍ॅट्राझिनमध्ये वाढलेल्या झेनोपस नरांत नर आणि मादी दोघांच्याही जननग्रंथी आढळल्या. २०१० साली त्यांनी पुढचा प्रयोग मांडला. जनुकीयदृष्ट्या नर असलेले ४० बेडूक २.५ पीपीबी अ‍ॅट्राझिनमध्ये वाढवले, त्यांपैकी चार पूर्ण मादी झाले, त्यांनी साध्या नरांशी मीलन करून अंडी घातली, आणि आईबाप दोघेही जनुकांनी नर असल्याने सगळी संतती नर निघाली. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात अ‍ॅट्राझिनची मर्यादा ३ पीपीबी आहे.

पण याची दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने सांगायला हवी. २००९ साली, अ‍ॅट्राझिन बनवणाऱ्या कंपनीच्या निधीतून पण काटेकोर पद्धतीने, दोन देशांतील प्रयोगशाळांत झालेला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि त्यात झेनोपसच्या जननग्रंथींवर काहीही परिणाम आढळला नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही त्यापूर्वीच, २००७ साली, तसाच निष्कर्ष काढला होता. युरोपीय संघाने २००४ साली या तणनाशकाची मान्यता काढून घेतली, ती भूजलात ते मर्यादेबाहेर सापडते म्हणून. माझे स्वतःचे मत असे की निधी कोणाचा हे पाहावे, पण त्यापेक्षा प्रयोगाची रचना आधी पाहावी. आणि एका रसायनावर वाद असला म्हणून संपूर्ण यंत्रणेवरचा पुरावा डळमळीत होत नाही. अ‍ॅट्राझिन मका आणि उसाच्या शेतातले आहे, ते आमच्या येऊरच्या खड्ड्यात शोधायला जाण्याचे कारणही नाही.

शहराच्या पाण्यात जे असते ते माणसांकडूनच येते. प्रत्येक माणसाच्या मूत्रातून नैसर्गिक इस्ट्रोजेन बाहेर पडते, गोठ्यांतून पडते, आणि त्यात एथिनिल इस्ट्राडायॉल या कृत्रिम, सहजी न मोडणाऱ्या संप्रेरकाची भर पडते. कॅनडात कॅरेन किड यांच्या गटाने २००१ ते २००३ या काळात एका संपूर्ण प्रायोगिक तलावात हे द्रव्य लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम इतके राखले आणि तेथील फॅटहेड मिनो या लहान माशांची संख्या कोसळली. स्वीडनमधील संशोधकांनी बेडकाच्या पिल्लांतही त्यामुळे माद्यांचे प्रमाण वाढलेले पाहिले. हे प्रमाण किती सूक्ष्म आहे ते आपल्या ओळखीच्या मापात सांगते. उन्हाळ्यात घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांत येतो तो टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर लिटरला ५ नॅनोग्रॅम म्हणजे त्या अख्ख्या टँकरमध्ये ५० मायक्रोग्रॅम. आणि माला-डी या गर्भनिरोधक गोळीत हे संप्रेरक ३० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे दोन गोळ्यांहूनही कमी. यावरून गोळी घेणाऱ्या बायकांना दोष देण्याची रीत काही जणांत आहे. ती मला अन्यायाची वाटते, कारण स्त्री-पुरुष आणि गुरेढोरे सर्वांच्याच शरीरातून नैसर्गिक इस्ट्रोजेन बाहेर पडत असते आणि सांडपाण्याच्या प्रश्नाचे ओझे एका गोळीवर टाकून तो सुटत नाही.

उपनगरांचा उल्लेख या अभ्यासांत मुद्दाम येतो आणि ठाणेकर म्हणून मला तो विशेष भिडला. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात मॅक्स लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलातील आणि उपनगरांतील तळी पाहिली, तेव्हा उपनगर जितके दाट तितके हरित बेडकांच्या नव्या पिढीत माद्यांचे प्रमाण जास्त आढळले. हे काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांना पाण्यात सापडलेल्या इस्ट्रोजेनसदृश द्रव्यांत बंगल्यांच्या हिरवळीवर लावलेल्या वनस्पतींतून येणारीही होती, म्हणजे कारखाना किंवा औषध नसतानाही बागेमुळे पाण्याचे रसायन बदलू शकते. त्याच संशोधकांनी २०१९ साली असेही दाखवले की लिंगबदल झालेले बेडूक जंगलातील स्वच्छ तळ्यांतही बऱ्यापैकी असतात. स्वतःच्याच आधीच्या निष्कर्षाला अशी मर्यादा घालणारा शास्त्रज्ञ मला फार आदरणीय वाटतो. त्यातून एवढे नक्की समजते की बेडकाचे लिंग ही मुळातच लवचीक गोष्ट आहे, आणि जी गोष्ट लवचीक असते तिला बाहेरून वाकवणेही सोपे असते.

माझी खरी तक्रार मोजमापाविषयी आहे. पर्यावरण संरक्षण नियमांखाली, प्रक्रिया करून सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यासाठी आपल्याकडे एक जैविक चाचणी आहे. शंभर टक्के सांडपाण्यात मासे ठेवायचे आणि ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. ही चाचणी आवश्यक आहे आणि तिच्यामुळे अनेक जहाल विषे अडतात, याविषयी मला शंका नाही. पण ९६ तास म्हणजे चार दिवस. आमच्या तिसऱ्या बरणीतील पिल्ले चार दिवसांनंतर शंभर टक्के जिवंत होती. नदी-तलावांच्या नेहमीच्या तपासणीत आम्ल-विम्लता, विरघळलेला प्राणवायू, जैविक ऑक्सिजन मागणी, नायट्रेट आणि मैल्यातील जिवाणू हे पाहिले जाते. त्यांतील एकही आकडा पिल्लाच्या घड्याळाविषयी काही सांगत नाही. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले असो की घरगुती गटारातले, पाणी या सगळ्या कसोट्यांत उत्तीर्ण होऊनही रूपांतरण अडवू शकते.

ज्या चाचणीने हे कळते ती अस्तित्वात आहे आणि ती आमच्या बरण्यांच्या प्रयोगाचीच प्रौढ आवृत्ती आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ साली उभयचर रूपांतरण चाचणीची प्रमाणित पद्धत स्वीकारली. झेनोपसची ठरावीक वयाची पिल्ले संशयित रसायनात २१ दिवस ठेवायची, सातव्या दिवशी आणि शेवटी त्यांच्या मागच्या पायांची लांबी आणि वाढीची अवस्था मोजायची, आणि अखेरीस अवटू ग्रंथीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. येथे प्रश्न ‘मेले का’ असा नसून ‘कोठवर आले’ असा असतो. ही चाचणी महाग आणि वेळखाऊ आहे हे मान्य. पण आपल्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांना तिचे साधे रूप पेलण्याजोगे आहे, आणि एकेकाळी आम्ही विद्यार्थी ते करतही होतो.

प्रक्रियेच्या बाजूनेही उपाय आहेत. नेहमीच्या जैविक प्रक्रियेत जिवाणू ही द्रव्ये काही अंशी खातात, पण पूर्ण नाही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून कायदा करून आपल्या सुमारे सातशेपैकी शंभरएक सांडपाणी केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कोळशाची जादा पायरी बसवायला घेतली आहे. आपल्याकडे जोवर कितीतरी गटारे कोणत्याही केंद्रापर्यंत पोहोचतच नाहीत तोवर ओझोनची भाषा घाईची ठरेल. येऊरच्या त्या गटाराचे तोंड खड्ड्यापासून वळवणे हे चार मीटर नळाचे काम आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बेडकांच्या घटीचे पहिले कारण ही रसायने आहेत असे मी म्हणत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत, आणि त्यामागे अधिवासाचा नाश, कायट्रिड बुरशीचा रोग आणि हवामानबदल ही मोठी कारणे आहेत. आमच्या ‘तलावांच्या शहरा’त तलाव राहिले, पण बहुतेकांना उभ्या दगडी भिंती बांधल्या गेल्या; नखाएवढ्या नव्या बेडकाला त्या भिंतीवरून बाहेर येता येत नाही आणि अंडी घालायला उथळ, गवताळ काठही उरत नाही. म्हणूनच रस्त्याकडेची डबकी आता एवढी महत्त्वाची झाली आहेत. जेथे जागा थोडी आणि पाणी थोडे दिवस, तेथे वेळेत बिघाड करणारे रसायन जास्त घातक ठरते. ही दोन्ही संकटे एकमेकांवर रचली जातात.

यंदाच्या वहीतली नोंद देऊन थांबते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस उघडला आणि पाणी सात बोटांवरून दोन बोटांवर आले. बहुतेक पिल्लांना मागचे पाय होते, थोड्यांनाच पुढचे आले होते. पुढचे पाय आले की शेपूट जिरायला तीन-चार दिवस लागतात, असे मी त्या मुलाला सांगितले, आणि तो रोज माझ्याआधी खाली येऊन उभा राहू लागला. पाचव्या दिवशी खड्ड्याच्या काठच्या ओल्या पाचोळ्यात आम्हांला ३१ पिल्ले मिळाली, डाळीच्या दाण्याएवढी, काहींच्या मागे शेपटीचा काळा खुंट अजून शिल्लक होता. गटाराच्या तोंडाजवळच्या चिखलात आणखी बरीच होती. एकाच खड्ड्यातील पिल्लांत गर्दीमुळे, अन्नामुळे, पाण्याच्या उष्णतेमुळेही मागेपुढे होते, हे मी त्याला समजावून सांगितले. त्या चिखलातल्या पिल्लांना फक्त मागचे पाय होते. त्याने प्लास्टिकच्या डब्यातून उपवनचे पाणी आणून त्यांच्यावर ओतले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस आला.